झीलीशिवायची कॅसेट

ती एकतीस पोस्टकार्डं मी लिहिली. त्यांतलं एकही झीलकऱ्यानं लिहिलेलं नव्हतं. ही दोन वाक्यं मी चाळीस वर्षांपूर्वी भर मंडईत उभं राहून बोलायला हवी होती. तेव्हा बसून राहिलो. आता ब्याऐंशीचा आहे, उभं राहायला काठी लागते, म्हणून लिहून काढतो.

आधीच सांगतो, शाहिराची मी माफी मागत नाही. तो गेला तेव्हा त्याच्या तेरवीला मी जेवून आलो आणि बुंदी दोनदा मागून घेतली. लोकांना वाटलं, जुना चाहता आहे, दुःखात भूक लागते माणसाला.

चाहता तर मी होतोच. आमच्याकडे दिवाळीनंतर, भाऊबीज झाली की मंडई भरते. पाळणे, जिलेबीची दुकानं, आणि दुपारी खडी गंमतीचा फड. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात, एक प्रश्न टाकतो, दुसऱ्यानं गाऊन उत्तर द्यायचं. शाहिराच्या मागे झीलकरी असतो. शाहिरानं ओळ म्हटली की तिचे शेवटचे शब्द उचलून उंच सुरात परत म्हणायचे, ही झील. तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. हरणाऱ्यानं आपलं वाद्य खाली ठेवायचं आणि उतरायचं. आणि एक नियम सगळ्यांना पाठ होता: फडावरचं फडावर. तिथं काही बोललं गेलं तर ते घरी न्यायचं नाही, त्यावर भांडायचं नाही.

मी टपालात होतो. चालत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रांची छाटणी करायची, गोंदियापर्यंत जायचं, परत यायचं, कधी बडनेऱ्याकडे. सुट्टीचा दिवस शाहिराचा. साठ सालानंतरची आठ-नऊ वर्षं नागपूरच्या आसपास त्याचा एकही फड मी सोडला नाही. तो फारसा शिकलेला नव्हता. त्याची पत्रं मी वाचून दाखवायचो. त्यामुळं ओळख वाढली, आणि ओळख वाढली की माणूस घरचं बोलतो. तसंच मी बोललो.

माझी मोठी बहीण सासर सोडून आमच्याकडे आली होती. नवरा हात उचलायचा. पण सासऱ्यानं मधे पडून दिराबरोबर निरोप पाठवला होता, वेगळं बिऱ्हाड करून देतो, पोरीला पाठवा. बहीण तयार होती. मंडई झाली की न्यायला येणार होते. हे मी शाहिराला पानठेल्यावर सांगितलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "होईल गा बापू, सगळं सुरळीत होईल."

त्या मंडईत समोरच्या शाहिरानं प्रश्न टाकला: अशी नदी कोणती, जी उगमाकडे वाहते? प्रश्न तसा सोपा. पुराणातलं काहीतरी जोडून द्यायचं आणि सुटायचं. पण आमचा शाहीर अडला. डफावर दोन थापा जास्त मारल्या. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी विसरलेलो नाही. त्यानं गायलं:

सासरच्या गावाहून निघाली, माहेरच्या चुलीशी थांबली,
भावाच्या ताटात पाणी शिरलं, वहिनीची भाकर भिजली!

झीलकऱ्यानं शेवटचे शब्द उचलले. भाकर भिजली, भाकर भिजली, भाकर भिजली. तीनदा. लोक लोळले. आमच्या मोहल्ल्यातले बायकांच्या बाजूला वळून बघायला लागले. तिथं माझी बहीण बसली होती. ती उठली नाही. उठली असती तर आपणच ती नदी हे तिनं कबूल केल्यासारखं झालं असतं. फड संपेपर्यंत ती ताठ बसली. तिचा दीरही त्याच गर्दीत होता, पाळण्याजवळ. तो आमच्या घरी आलाच नाही. नंतर निरोप आला: गावोगावी गाणी झालेली बाई आम्हाला नको.

मी शाहिराकडे गेलो. तो चहा पीत होता. हसला. म्हणाला, "काहून तोंड पाडून राहिला? मी नाव घेतलं का तिचं? अन् फडावरचं फडावर, तुले मालूम नाही का?"

मला मालूम होतं. म्हणूनच मला भांडता आलं नाही. भांडता आलं असतं तर दोन शिव्या देऊन, फार तर एक ठोसा देऊन मोकळा झालो असतो. बहीण आमच्याकडेच राहिली. गल्लीतली पोरं तिला उलटी नदी म्हणायची. तिनं पुन्हा कधी मंडईत पाय ठेवला नाही. मी मात्र जात राहिलो, पुढच्या ओळीत बसत राहिलो, टाळ्या वाजवत राहिलो. मला घाई नव्हती.

पंधराएक वर्षं गेली. टेपरेकॉर्डर घरोघरी आले. इतवारीतल्या एका कॅसेटवाल्या शेठनं शाहिराला गाठलं. साठी उलटलेला शाहीर, त्याची पहिली कॅसेट. शेठ म्हणाला, एकटे गा; झीलकरी माइकवर कालवा करतो. शाहिरानं एका शब्दानं वाद घातला नाही. तीस वर्षं ज्याच्या सुरावर दम घेतला त्याला घरी ठेवून तो एकटा डफ घेऊन गायला गेला. आत आठ गाणी होती आणि एक कागद: आपला अभिप्राय कार्डानं कळवा. लोकांचं मत बरं आलं तर शेठ दुसरी कॅसेट काढणार होता. शाहीर पोरासारखा अधीर झाला होता. रोज पानठेल्यावर येऊन विचारायचा, "कोणी ऐकली का गा? कशी वाटली?"

पानठेल्यावर मतांना तोटा नव्हता.

"झीलीबिना शाहीर म्हणजे तर्रीबिना पोहे. खाल्ले, पण गळ्याखाली नाही गेले."

"बुढ्याचा दम लागून राहिला ना बे त्याच्यात. मधामधात थांबते."

"अबे, तुयी मशीन खराब असंन. सेल बदल पहिले."

"सेल नवे हायेत! त्याचेच सेल संपले आता."

हे सगळं तोंडावर हसण्यापुरतं. घरी जाऊन तेच लोक कॅसेट पुन्हा लावायचे, हे मला माहीत होतं. पण कार्ड कोणी लिहिणार नव्हतं. आमचे लोक मत पानाबरोबर थुंकतात, पंधरा पैशांच्या कार्डावर घालत नाहीत.

मग मी घातलं. कॅसेट मी तेव्हा ऐकलेलीही नव्हती. पत्रं छाटण्यात उमर गेलेल्या माणसाला कुठल्या गावचा माणूस कसं लिहितो हे पाठ असतं. तुमसरचा मास्तर पत्ता ओळींत आखून लिहितो. काटोलचा संत्रेवाला शाई जपून वापरतो. पुलगावचा गिरणी कामगार पेन्सिलीनं लिहितो आणि शेवटी "लोभ असावा" घालायला विसरत नाही. मी डाव्या हातानं लिहिलं, बोरूनं लिहिलं, पोराच्या बॉलपेननं लिहिलं. प्रत्येक कार्ड त्या त्या गावच्या फलाटावरच्या पेटीत टाकलं, म्हणजे शिक्का खरा. वर्ध्याच्या पेटीत कार्ड पडल्याचा तो टप् असा आवाज ऐकून मला जितका आनंद झाला, तितका पोरगा झाला तेव्हाही झाला नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहीत नाही.

सगळ्या कार्डांत मी एकच तक्रार घातली, कारण पानठेल्यावरून तीच उचलली होती: झील नाही, म्हणून कॅसेट मेलेली आहे. दहाव्या कार्डापाशी माझ्या लक्षात आलं की हे बोट एका माणसाकडे दाखवतं. मी थांबलो. आणि मला ऐकू आलं: भाकर भिजली, भाकर भिजली, भाकर भिजली. मी अकरावं कार्ड घेतलं.

तो महिना संपायच्या आत एक गोष्ट घडली. शेजारी ती कॅसेट वाजत होती. बहीण ओट्यावर गहू निवडत होती. मी घरात शिरलो तर म्हणाली, "चांगलं गायलं गा म्हाताऱ्यानं."

मी म्हटलं, "तुले काय करायचं त्याचं?"

"काहून? ऐकू येते तं ऐकून राहिली. पहिले नुसता ओरडे. आता गाते." आणि सुपातला खडा बाहेर फेकला.

मला तिचाच राग आला. तिच्यासाठी मी एवढं केलं होतं आणि ती त्याचं गाणं ऐकत होती. त्यानंतर आणखी सहा कार्डं टाकली. ती मग कोणासाठी टाकली, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

शेठनं दुसरी कॅसेट रद्द केली आणि कार्डांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधून शाहिराच्या हातात दिला. शाहीर तो घेऊन कुणाकडे येणार? माझ्याकडे आला. पानठेल्यामागच्या बाकावर बसून मी माझीच कार्डं त्याला वाचून दाखवली. सावकाश, एकेक शब्द. तो मान खाली घालून ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, "ते तुमसरच्या मास्तराचं पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात गोड दुपार होती.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तू टपालातला माणूस. सांग, कोणाचं काम हाय हे?"

मी म्हटलं, "शिक्के वेगवेगळ्या गावचे आहेत, शाहीर."

"गावं एकतीस, डोस्कं एक. झील, झील, झील. झीलीचं दुःख कोणाले? त्यालेच ना?"

मी तोंडानं हो म्हटलं नाही. मान हलवली. माझा गुन्हा तेवढाच आहे आणि तेवढा पुरे आहे.

त्या वर्षीच्या मंडईत शाहीर उभा राहिला. झीलकरी नेहमीसारखा मागे, हातात तुणतुणं. कॅसेटीतून वगळलं तरी तो आला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. समोरच्या पार्टीला उत्तर द्यायचं सोडून शाहीर अचानक मागे वळला आणि आपल्याच झीलकऱ्याला प्रश्न टाकला: अशी बाभूळ कोणती, जी मालकाच्या अंगणात वाढते आणि मालकाच्याच वाटेत काटे टाकते?

असं कधी झालं नव्हतं. झीलकरी गोंधळला. त्याला वाटलं, चुकून आपल्याकडे वळले. सवयीनं त्यानं शेवटचे शब्द उचलले: "काटे टाकते, काटे टाकते..." कोणीतरी हसलं. शाहिरानं डफ थांबवला. "झील नाही मागितली. उत्तर दे."

उत्तर त्याच्यापाशी असणार कुठून? त्याला कार्डांची गोष्टच ठाऊक नव्हती. पण पानठेल्यावरून ती सगळ्यांपर्यंत पोचली होती, आणि फडात जो गप्प राहतो तो हरतो. इथं तर गप्प राहणं म्हणजे कबुली झाली. "ठेव तुणतुणं!" मागून ओरडा झाला. "घरभेद्या!" त्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मी पुढच्या ओळीत होतो. मग वाकून त्यानं तुणतुणं जमिनीवर ठेवलं आणि चपला न घालता गर्दीतून निघून गेला.

पुढं त्याला कुठल्याच पार्टीनं उभं केलं नाही. जरीपटक्याच्या बाजारात तो लसणाचा ढीग लावून बसायचा. मी त्या बाजारात जाणं सोडलं. शाहिराचा आवाजही त्यानंतर उतरला. झील नव्हती, दम घ्यायला जागा नव्हती. चार-पाच वर्षांत तो गेला. माझा हिशोब पुरा झाला होता. फक्त त्यात एक माणूस फुकट गेला.

गेल्या महिन्यात मी त्या झीलकऱ्याकडे गेलो. हुडकेश्वरला लेकीकडे असतो. नव्वदीला टेकला आहे, कान शाबूत. दारात खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं.

"तू होता?"

"हो."

"एकतीसही?"

"एकतीसही."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काहून?"

मी बहिणीचं सांगितलं. ती ओळ सांगितली. तुम्हीही झील धरली होती, असं म्हणालो. त्यानं आठवून पाहिलं. "धरली असंन. मले नाही आठवत. म्या कितीकाची झील धरली."

मी माफी मागायला वाकलो तर त्यानं पाय मागे घेतले. "मले नको सांगू. चार लोकाइत नेलं माझं तुणतुणं, चार लोकाइत सांग."

"आता फड कुठं राहिला? ते लोक कुठं राहिले?"

"तं लिही. तुले लिहाले बाप्पा लई चांगलं येते. एकतीस डाव लिहिलं, अजून एक डाव लिही."

मी निघालो. तो मागून म्हणाला, "थांब. ते कॅसेट कशी होती गा? म्या नाही ऐकली कधी. म्हटलं, आपल्याबिना काय गाईन थो."

शाहीर मेल्यावर मी ती विकत घेऊन ऐकली होती. वाईट होती म्हणालो असतो तर त्या म्हाताऱ्याला त्याची जागा परत मिळाली असती. पण या कॅसेटबद्दल मी आधीच एकतीस वेळा खोटं बोललो होतो.

"चांगली होती," मी म्हटलं.

"झीलीबिना?"

"झीलीबिना. दम लागला की तो थांबायचा. त्या थांबण्यातच सगळं होतं. आधी कधी तो तसा गायला नव्हता."

त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. तुणतुणं गेलं तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"मंग तेबी लिही," तो म्हणाला.

आतून लेकीनं चहा तयार असल्याचं सांगितलं. तो उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं.