झेंड्याचं शेपूट

मी ‘उजवं’ म्हणालो होतो. नंतर फौजींनी विचारलं तेव्हा ‘डावं’ म्हणालो होतो असं सांगितलं. चूक पहिल्या शब्दात झाली, पण पाप दुसऱ्यात आहे. ते मी एका बाईच्या कानांवर ढकललं आणि दीड वर्ष तिथंच राहू दिलं.

धाराशिवच्या बाहेर माळावर आमची नेमबाजीची, पन्नास मीटरची लहानशी रेंज आहे. शिकवणारे एक निवृत्त सुभेदार आहेत, त्यांना सगळे फौजीच म्हणतात. मी कॉलेजात कारकून. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालत चालत एकदा रेंजवर पोचलो, गंमत म्हणून रायफल घेऊन पालथा पडलो आणि मग दर रविवारी पडू लागलो. पॉइंट टू टूची गोळी हरभऱ्याएवढी, वारं तिला सहज ढकलतं. म्हणून नेमबाज आणि निशाण यांच्यामध्ये सळयांवर पातळ कापडाचे झेंडे लावतात. आमचे झेंडे फौजींच्या सुनेच्या जुन्या ओढणीतून फाडलेले होते.

सुरुवातीला मी झेंडे सोडून लांबच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बघायचो. त्या फिरल्या की वारं आहे असं धरायचो. फौजी वैतागायचे. “तुझी गोळी काय त्या डोंगरावरून जाती का रे? हातभर उंचीवरून जाती. तिथलं बघ की.”

मग त्यांनी मूळ गोष्ट शिकवली. “झेंड्याचं शेपूट बघू नको, तोंड बघ. वारं कुठून आलं ते बोल.” शेपूट उजवीकडं उडत असेल तर वारं डावीकडून आलेलं असतं, म्हणून ते डावं वारं. हे मला अवघड जायला नको होतं. शेतात उपणताना वडील ‘मावळतीचं वारं’ म्हणायचे, ते मावळतीकडून येणारं. पण डोळा आधी फडफडणाऱ्या शेपटावर जातो, आणि घाईत जीभ डोळ्याच्या मागून धावते.

ती बाई म्हणजे मॅडम. बेंबळी गावाहून रेंजवर यायच्या. तिथल्या शाळेत शिकवायच्या. तीन वर्षं त्यांनी रविवारची एसटी चुकवली नाही, आणि त्यांचा नेम माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेसाठी आमच्यातून एकालाच पाठवायचं होतं. मॅडमच्या घरी ठरलं होतं, यंदा निवड झाली तर पुढं चालू ठेवायचं, नाहीतर रविवार घरच्यांचा. हे त्यांनी मला सांगितलं होतं.

आमच्या घरगुती निवडीत वारं सांगायला मागं एक जोडीदार बसलेला चालायचा. त्यांनी मला बसायला सांगितलं. मला अभिमान वाटला. मी म्हणालो, “मान अजिबात हलवायची न्हाय, मॅडम. तुम्ही निशाण बघा, झेंडे माझे.”

सकाळभर वारं उजवीकडून होतं. त्यांनी साईट, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची खूण, त्या बाजूला सरकवून घेतली होती आणि गोळ्या मधोमध जात होत्या. शेवटच्या दोन राहिल्या तेव्हा झेंडे लोंबले आणि उलटे फिरले. शेपटं उजवीकडं. मी म्हणालो, “उजवं. वाढलं.”

त्यांनी साईट आणखी उजवीकडं घेतली. दहापैकी सात लागले. मला वाटलं, घोडा झटक्यानं ओढला. “हात सैल सोडा, उजवंच आहे,” मी म्हणालो. मग सहा. तेव्हा कुठं मी झेंड्याकडं नीट बघितलं. वारं डावं होतं. जागा तीन गुणांनी गेली होती.

फौजी आले. “वारं काय सांगितलंस रे?”

“डावं,” मी म्हणालो.

मॅडम माझ्याकडं वळल्या. “मला उजवं ऐकू आलं, दादा.” आवाजात भांडण नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

फौजी हसले. “कानात बोळे घालून झोपलात की काय, बाई? आमच्या तोफखान्यातले निम्मे असेच बहिरे झाले!”

तिथं होते ते सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. पाच-सहा महिन्यांनी धाराशिवच्या बसस्टँडवर भेटल्या. हातात दवाखान्याची फाईल होती. “कान तपासले, दादा. दुसऱ्यांदा. डॉक्टर म्हणतात चांगले आहेत. पण वर्गात माझा मलाच भरवसा वाटत नाही. पोरांना प्रत्येक उत्तर परत म्हणायला लावते. आता ती मला ‘काय मॅडम’ म्हणून चिडवतात.”

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, “वयानं होतं असं.” त्या अजून चाळिशीच्याही नव्हत्या.

पुढं मी रेंजवर जात राहिलो, पण झेंडे वाचता येईनात. पालथा पडून नुसता बघत बसायचो, गोळी मारायचोच नाही. घरी आल्यावर दिवसभर पोती वाहिल्यासारखं अंग जड व्हायचं. शेवटी एका शनिवारी बेंबळीला गेलो. शाळा सुटली होती, त्या व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली वही पूर्ण तपासली, सही केली, मग बोलल्या. “मी बरोबर ऐकलं होतं हे मला त्या दिवशी माहीत होतं, दादा. मग सगळे हसले. एवढी माणसं हसल्यावर बाईमाणसानं आपलं खरं किती दिवस धरून बसायचं?”

मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हात वर केला. “इथं नको. जिथं हसले तिथं बोला. मी उद्या येते.”

त्या सकाळच्या एसटीनं आल्या. फौजी होते, त्या दिवशी हसलेले बहुतेक सगळे होते. मॅडम मागं उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

“त्या दिवशी वारं डावं होतं. मी उजवं म्हणालो, दोनदा म्हणालो. मॅडमनी बरोबर ऐकलं आणि मी सांगितलं तसंच केलं. फौजी, तुम्ही विचारल्यावर मी तुमच्याशी खोटं बोललो. मॅडम, तुमच्या कानांना काहीही झालेलं नाही. तुमची जागा माझ्या चुकीनं गेली, आणि तुमचा स्वतःवरचा भरवसा माझ्या खोट्यानं गेला. मी तुमची माफी मागतो.”