पिवळ्या बोयापर्यंत

माझी ताई नवऱ्याला अहो म्हणते. यात विशेष काही नाही, आमच्या वयाच्या बऱ्याच बायका म्हणतात. पण ताईचं अहो बोटीवरही सुटलं नाही, आणि तिथे त्याने फार घोळ घातले. भावोजींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे हुकूम एका शब्दात द्यायचा. सोड, ओढ, वळव. तू 'अहो, जरा ती दोरी सोडता का' म्हणेपर्यंत आपण खडकावर चढलेलो असू." ताईने मान डोलावली आणि तासाभराने म्हणाली, "अहो, खडक आलाय बरं का."

हे सगळे हसण्यावारी न्यायचे किस्से होते. त्या मंगळवारपर्यंत.

भावोजी पुलांचे आराखडे काढायचे आणि ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. निवृत्त झाल्यावर भावोजींनी एक जुनी शिडाची बोट घेतली आणि दोघं तिच्यावरच राहायला गेली. एक झोपायची फळी, एक स्टोव्ह, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल असं छत. "तुला चालणार आहे का हे?" मी विचारलं, तर ताई म्हणाली, "त्यांची हौस आहे ना." तिची हौस काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

एकोणीस महिन्यांपूर्वी ती दोघं सुकाणूची खीळ बदलायला या बंदरात आली. बारा दिवसांचं काम होतं. खीळ बदलून झाली, पण तोवर ताईला हे शहर सापडलं होतं. धक्क्याच्या टोकाला शिडं शिवायचा कारखाना आहे. ताई तिथे आपलं उसवलेलं शीड घेऊन गेली आणि मालकिणीच्या टाक्यांना नावं ठेवून मोकळी झाली. मालकीण म्हणाली, "मग तुम्हीच घाला की." तेव्हापासून ताई रोज सकाळी तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून लाकडी फरशीवर मांडी घालते आणि मेण लावलेल्या दोऱ्याने लोकांची शिडं शिवते. धक्क्यावर तिला टाकेवाली म्हणतात. दुपारी वाचनालय, संध्याकाळी बंदराभोवतीच्या दगडी बांधाच्या टोकापर्यंत फेरी, वाटेत चार जणांशी गप्पा. बोटीच्या छतावर डब्यांत पुदिना लावला होता. डोलकाठीच्या तारेपासून धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत कपड्यांची दोरी होती. मी पंधरा दिवस राहायला गेले तेव्हा बघतच राहिले. ताईला इतकं टवटवीत मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

भावोजीही पहिलं वर्षभर रमले. मग ते सकाळी हवामानाच्या बातम्या मोठ्याने लावू लागले. ताई कामाला निघाली की आवाज आणखी वाढायचा. माझ्या तर टाळक्यात जायचा तो रेडिओ.

अशात बंदर कचेरीची नोटीस आली. राहत्या बोटींनी मंगळवारी फक्त शिडावर, इंजिन न लावता, बाहेर समुद्रात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला वळसा घालून बाराच्या आत परत यायचं. जी बोट येणार नाही तिची जागा यादीतल्या पुढच्याला. जी हलत नाही ती बोट नव्हे, घर, आणि घरांना धक्क्यावर जागा नाही, असं कारकुनाने तोंडीही सांगितलं. जागेसाठी थांबलेल्यांच्या यादीत चाळीस बोटी होत्या. जागा गेली की शहर गेलं, कारखाना गेला. ताई त्या रात्री काही जेवली नाही.

मंगळवारी दहा वाजता आम्ही दोर सोडले. मला लाइफ जॅकेटात कोंबून एका कोपऱ्यात बसवलं होतं. बोट दोन हात पुढे गेली आणि गचकन थांबली. सगळे दोर सुटले होते, तरी बोट धक्क्याला धरून होती. भावोजी पुढे धावले, मागे आले, खाली वाकले. मग मीच वर हात करून दाखवलं. कपड्यांची दोरी! माझे मोजे अजून तिच्यावर होते.

मला हसू फुटलं. भावोजींना नाही. त्यांनी चाकू काढून दोरी कापली आणि म्हणाले, "घर झालंय हे. घर!" तो शब्द त्यांनी शिवीसारखा उच्चारला. मोजे पाण्यात पडले.

बांधाबाहेर आलो तसा वारा भरला. बोट कलली. भावोजींचा चेहरा मात्र दहा वर्षांनी लहान झाला होता. बोट लागू नये म्हणून मी लिंबू शोधायला खाली गेले. लिंबू मिळालं नाही. फळीखाली पाण्याचे सहा कॅन मिळाले, काठोकाठ भरलेले. त्यामागे तांदूळ, बटाटे, दुधाच्या पावडरीचे डबे. टेबलावर नकाशा उघडा होता आणि त्यावर पेन्सिलीची ताजी रेघ, बोयापासून सरळ बाहेर.

दोन तासांच्या फेरीला सहा कॅन कशाला? मी वर येऊन ताईच्या कानाशी लागले. "ताई, भावोजी परत जायचे नाहीत."

"माहितेय." ती समोरच्या शिडाची दोरी धरून बसली होती. "बोट सकाळपासून पाण्यात चार अंगुळं खाली बसलीय. एवढं सामान भरल्याशिवाय बसते का?"

"मग आलीस कशाला?"

"मला वाटलं, विचारतील."

मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. एकतीस वर्षं हीच तऱ्हा. हिला वाटणार आणि ते विचारणार नाहीत.

बोया जवळ आला, पिवळा, शेवाळलेला, डुलणारा. अकरा वाजून गेले होते. बांधाच्या टोकावर कारकून दुर्बीण लावून उभा होता. बोया आमच्या डाव्या हाताला आला, मग मागे गेला. सुकाणूचा दांडा हलला नाही.

"अहो," ताई म्हणाली.

"वारा काय सुरेख लागलाय बघ," भावोजी समोर बघत म्हणाले. "असाच राहिला तर परवा संध्याकाळी पुढचं बंदर. तुझ्या बहिणीला तिथून बसने पाठवू."

"अहो, माझं काम आहे तिथे."

"शिडं सगळीकडे फाटतात."

"अहो, ऐका ना."

"वाऱ्यात ऐकू येत नाही गं."

येत होतं. मी त्यांच्यापेक्षा लांब बसले होते आणि मला स्वच्छ ऐकू येत होतं. मी तोंड उघडणार तोच ताई उभी राहिली. कललेल्या बोटीवर, कशालाही न धरता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"वळव!"

भावोजींनी मान वळवली. तिच्या तोंडून असं काही निघू शकतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. माझाही नाही.

"वळव म्हणते ना! आत्ता!"

एक लाट गेली. दुसरी गेली. त्यांनी एकदा बाहेरच्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला त्या माणसाची फार कीव आली. मग दांडा त्यांनी पलीकडे ढकलला. बोटीचं तोंड फिरलं, शीड फडफडलं, ताईने दोरी सोडली, पलीकडून ओढली. बोयाला वळसा पडला.

बांधाआड शिरलो तेव्हा बाराला चार मिनिटं होती. कारकुनाने कागदावर खूण केली आणि टोपी हलवली. आमच्यापैकी कुणी हात हलवला नाही.

भावोजींनी धक्क्याला दोर बांधले, एकेक करून, नेहमीपेक्षा सावकाश. शेवटची गाठ मारून ते तसेच पाठमोरे उभे राहिले.

"असं पुन्हा बोलू नकोस मला," ते म्हणाले.

ताई डोलकाठीच्या तारेला लोंबणारं कपड्यांच्या दोरीचं तुटकं टोक सोडवत होती.

"अहो," ती म्हणाली, "पुन्हा बोलायला लावू नका."