आमच्या आधी पोचलेला निरोप

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आयुष्यभर मुलांना शास्त्र शिकवलं. वर्गात कुणी म्हणालं की ओढ्याकाठी दिवे नाचतात, तर मी फळ्यावर दलदलीतल्या वायूची आकृती काढून दाखवत असे. अंगात येणं, मूठ मारणं, झपाटणं... या सगळ्याला माझ्यापाशी उत्तर असायचं. या सदरातले अनुभवही मी, राग मानू नका, थोडं हसतच वाचते. पण चाळीसच्या दशकातली माझ्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट आहे, तिला मात्र उत्तर सापडलेलं नाही. आई होती तोवर हे लिहिणं बरं दिसलं नसतं. आता ती नाही.

'माझ्या घरातली' असं लिहिलं खरं, पण तेव्हा आम्हाला घर नव्हतं.

आमचं गाव सुप्याजवळ, पुणे-नगर रस्त्यापासून आत. मी लहान असताना वडील तापाने गेले. घर, जमीन एकत्रातली, सगळं काकांच्या हाती. त्यांनी काही दिवस आम्हाला सांभाळलं. मग एका हंगामात आम्ही निजायचो त्या खोलीत कांदा भरला. 'जा' असं कुणीही म्हणालं नाही. खोलीत कांदा भरला, एवढंच.

तिथून पुढे आम्ही मायलेकी नातेवाइकांकडे फिरत राहिलो. आम्ही कधी रस्त्यावर झोपलो नाही, देवळाच्या ओवरीत राहिलो नाही. म्हणून आम्ही बेघर आहोत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आम्ही पाहुण्या होतो... बाराही महिने पाहुण्या. कुणी विचारलं, "मुक्काम कुठं?" तर आई म्हणे, "सध्या बहिणीकडं हाय." 

आई गोधड्या शिवायची. लढाईचे दिवस होते, कापडावर कंट्रोल, त्यामुळे घरोघरी जुनेर साठवलेलं असे. आई ज्या घरी जाई तिथं गोधडीचं काम निघायचं, आणि गोधडी होईपर्यंत आम्हाला तिथं राहायला कारण असायचं. पुढचं घर ठरलेलं असलं की तिचा दोरा झरझर चाले. ठरलेलं नसलं की टाके बारीक बारीक होत जात, मुंगीच्या पावलांसारखे. बायका त्या टाक्यांवरून बोट फिरवून कौतुक करत. मला त्या कौतुकाची भीती वाटे.

आईचे नियम होते. गाठोडं लहान ठेवायचं, मोठं गाठोडं पाहून माणसं धास्तावतात. दुपारची जेवणं उरकल्यावरच पोचायचं. आणि निरोप कधीच धाडायचा नाही. आमच्याकडे पाहुणा येण्याआधी निरोप यायची रीत होती. बाजाराला जाणाऱ्या कुणापाशी तरी सांगून ठेवायचं, 'अमकी येणार आहे म्हणावं'. आई म्हणे, "कौशे, निरोप धाडला की उलटा निरोप येतो, सध्या नको म्हनून. दारात हुभ्या मानसाला कुनी नको म्हनत न्हाई."

म्हणत नसत, हे खरं. पण दार उघडणारी बाई आधी गाठोड्याकडे बघे, मग माझ्याकडे, आणि मग 'या' म्हणे. धान्य रेशनवर होतं, कार्डावर घरच्या माणसांची नावं असत, आमची नावं कुठल्याच कार्डावर नव्हती. आम्हाला मिळणारी भाकरी कुणाच्या तरी वाट्यातली असणार हे तिलाही कळे, आम्हालाही. ती 'या' म्हणेपर्यंत आई हसत उभी राही. तसं हसू मी पुढे कुणाच्याही तोंडावर पाहिलं नाही.

पहिल्यांदा घडलं ते नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या एका गावात. आईच्या मावसभावाचं घर. त्याची बायको, सर्जामामी, दारातच उभी होती. पाऊस होता, आम्ही चिखलाने माखलेल्या.

"आलाव? मला वाटलं वढ्याला अडकताल," मामी म्हणाली.

"म्हंजी?" आईने विचारलं.

"म्हंजी काय म्हंजी? काल बाई सांगून गेली न्हवं. म्हातारी हुती बाई, पाक वाकल्याली. म्हनली, उद्या मायलेकी येत्याल, पोरीचं पाय गारठल्यालं असत्याल. म्हनून शेगडी भरून ठिवलीया." आणि मग आईला कोपरखळी मारून, "निरोप धाडाया लागलीस आता. लई मोठी झालीस गं."

आई हसली. खरंखुरं हसली, कारण त्या दारात थांबावं लागलं नव्हतं. आधीच्या गावच्या कुणा म्हातारीने अंदाजाने सांगितलं असेल, असं तिनं मनाशी जुळवून घेतलं. मीही घेतलं. पुढे पारनेरकडच्या एका घरी तेच झालं. या वेळी निरोप आणणारी तरणी होती, तोंडावर देवीचे वण. तेव्हापासून आई त्या विषयावर गप्प झाली.

आता शाळेचं सांगते. जिथे राहू तिथल्या शाळेत आई मला बसवायची. सुप्याच्या गुरुजींचे उपकार मी कधी विसरणार नाही. मी महिना महिना गायब असूनही त्यांनी माझं नाव काढलं नाही, स्वतःच्या मुलीची पुस्तकं दिली, आणि सांगितलं, "फायनलला बस. पास झालीस तर मास्तरीण होशील." सातवीची फायनल तेव्हा फार मोठी. मास्तरीण म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे भाड्याची का होईना, खोली. आईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पोरगी जास्त शिकतेय म्हटलं की लोक लग्नाचं बोलतात.

लोक बोललेच. काकांनी स्थळ आणलं. बिजवर, कोपरगावकडचा, त्याची मुलगी माझ्याएवढी.

"माळवदाचं घर हाय," काका म्हणाले. "पोरीसंगं तुझीबी सोय व्हईल. कुठवर गाठोडं घिऊन हिंडशील?"

"चैत्र सरल्यावर सांगते," आई म्हणाली.

"चैत्र सरुस्तवर त्यो थांबतोय व्हय? पोरींच्या लाईनी लागल्यात त्याच्याकडं."

काका वाईट नव्हते. त्यांनी आमच्यापुढे एक छप्पर ठेवलं होतं, आणि आई थकली होती. परीक्षा चैत्रात, नगरला. परीक्षेपर्यंत तिथं राहायला हवं होतं, आणि नगरात लष्करामुळे माणसांची दाटी, खोली मिळणं कठीण. ओळखीचं एकच घर, वडिलांच्या लांबच्या बहिणीचं. गंगूआत्या. आईने तिला एका लग्नात पाहिलं होतं, तेवढंच.

सुप्यात आम्ही राहत होतो त्या घरची गोधडी संपली. आईने टाके कितीही बारीक घातले तरी ती कधीतरी संपणारच होती. संध्याकाळी दोरा तोडताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या काकाकडं जाऊ. हो म्हनून टाकू." मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सकाळी निघालो. गावाची वाट डांबरी रस्ता ओलांडून आत जायची, तिथे लिंबाखाली आई जरा टेकली. तेवढ्यात नगरची मोटार येऊन थांबली. कोळशावर चालणाऱ्या मोटारी होत्या तेव्हा, चढ आला की उतरून चालावं लागे. क्लीनर खाली उतरून ओरडला, "नगर, नगर... मावशी, बसायचं का नुस्ता धूर खायाचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर भूमितीचं पुस्तक होतं. मी वाचत नव्हते, नुसतं धरलं होतं. आई उठली आणि म्हणाली, "चल."

हे इतकं सविस्तर सांगते, त्याला कारण आहे. त्या लिंबाखाली बसेपर्यंत नगरला जायचं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

गंगूआत्याचं घर माळीवाड्याजवळ, दोन खोल्या, चार पोरं. यजमान छावणीत शिंपीकाम करत, उरलेलं काम घरी आणत. आम्ही दाराशी पोचलो. आईने पदर नीट केला आणि ते हसू तोंडावर आणलं.

आत्या कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "आत्ता येताय? सकाळपासनं वाट बघतीय मी. चहाचं आधण दोनदा ठेवलं नि दोनदा उतरवलं."

आईने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"काय गं, मुकी झालीस का? तुझी बाई तुझ्यापरीस बरी बोलत हुती की."

"कोन बाई?"

"आता मलाच इचार. काल दिवेलागणीला आली. कडेवर पोर. बस म्हनलं तर बसली न्हाई. म्हनली, उद्या मायलेकी येतील, पोरीची फायनल हाय, तिला उजेडाला बसू द्या. आन परीक्षा हुईस्तवर तिच्या लग्नाचं नाव काढू नका." आत्या माझ्याकडे वळली. "मी म्हनलं, बाई गं, माझ्या घरात मलाच कोनी उजेडाला बसू देत न्हाई. तरी मशीन सरकवलंय बघ. तुझा मामा कालपासनं तोंड फुगवून बसलाय."

मी आत गेले. खिडकीपाशी शिवणयंत्राच्या पायांचे खळगे जमिनीत उमटलेले होते. यंत्र भिंतीकडे सरकवलं होतं आणि त्या जागी पाट मांडला होता. आई उंबऱ्यावरच खाली बसली.

काल दिवेलागणीला... त्याच वेळी सुप्यात आई दोरा तोडत होती आणि काकांना हो म्हणू या असं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच तांदूळ निवडत होतो तेव्हा मी विचारलं, "तू कुणाला सांगितलं होतंस का?"

आईने एक खडा वेचून बाजूला टाकला. "सांगून धाडाया मानूस लागतं कौशे," ती म्हणाली. "आपल्याला कोन हाय?"

ती घाबरलेली नव्हती. तिच्या आवाजात फक्त एकटेपण होतं, इतकं की मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मी फायनल पास झाले. वयाची अट पुरी झाल्यावर अकोले तालुक्यातल्या एका लहान गावी नेमणूक मिळाली. पुढे नोकरी करता करता बी.ए.ही झाले, आमच्या घराण्यातली पहिली. ती खिडकी मिळाली नसती तर यातलं काही झालं नसतं. गंगूआत्याला मी जन्मभर दिवाळीला लुगडं धाडलं.

नेमणुकीच्या गावी एक खोली भाड्याने घेतली. आईला त्या खोलीत राहता येईना. म्हणजे ती राहत होती, पण चूल पेटवण्याआधी मला विचारायची, "पेटवू का गं?" भिंतीला टेकून बसायची नाही. हळूहळू सवय झाली. मग तिनं आम्हा दोघींसाठी पहिली गोधडी शिवली, मोठे मोठे, ढिले टाके घालून.

एका दुपारी शाळेतून आले तर आईने जास्तीच्या भाकऱ्या थापल्या होत्या.

"कुणी येणारे?"

"उद्या येत्याल."

"कुणी सांगितलं?"

"बाई आली हुती," आई तव्याकडे बघत म्हणाली.

"कशी होती?"

"नीट न्हाई बघितली."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर दाराशी पाऊल वाजलं. सर्जामामीची धाकटी जाऊ, दोन पोरं बरोबर, हातात लहानसं गाठोडं. नवरा मुंबईला गेला तो परतला नव्हता. तिनं ते हसू तोंडावर आणण्याआधीच आई दारात जाऊन म्हणाली, "ये बाई. निरोप आलाय."

"पर आक्का... मी तर कुनाला सांगितलं न्हाई."

"ठावं हाय मला," आई म्हणाली आणि तिच्या हातातलं गाठोडं घेतलं.

बाई खरंच आली होती, की आईने तिची लाज राखायला तसं म्हटलं? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तू शिकल्याली. तूच सांग." मग मला वाटलं, सर्जामामीनेही तसंच केलं असेल का? आम्हाला लांबून येताना पाहिलं असेल आणि म्हातारीची गोष्ट रचली असेल? बायका बायकांसाठी असं करू शकतात. पण रचून रचून गंगूआत्या फायनल कुठून आणणार?

ती जाऊ भाताची लावणी होईपर्यंत आमच्याकडे राहिली. मग म्हणाली, उद्या बहिणीकडे जाते, राजूरच्या अलीकडच्या वाडीत. आई म्हणाली, निरोप धाड. तर मान हलवून म्हणाली, "नको आक्का. नको म्हनली तर?"

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटली आणि मी घरी न जाता वाडीची वाट धरली. आईला सांगितलं नाही. त्या बहिणीचं घर विचारत विचारत शोधलं. ती अंगणात भांडी घासत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "उद्या तुमची बहीण येतेय, दोन पोरांना घेऊन. धाकट्याला खोकला आहे, त्याला उबेला निजवा."

तिनं राखेचे हात पुसले. "बरं झालं सांगितलंत. बसा की. तुमी कोन तिच्या?"

शेजारीण म्हणावं तर ती आमच्याच घरात राहत होती. नातं सांगावं तर धड सांगता येत नव्हतं. मी 'उशीर होतोय' म्हणाले आणि निघाले.

खाचरांच्या बांधावरून एकटीच परतताना मला वाटलं, आपल्याला कळलं. आमच्याही पुढे अशाच कुणी बायका चालत गेल्या असतील, नाव न सांगता. बरं वाटलं, थोडा वेळ. मग आठवलं की मी निदान त्या जावेचं बोलणं ऐकून निघाले होते. आम्ही नगरला जाणार हे आमच्याकडून ऐकायला, आम्ही ते अजून बोललोच नव्हतो. कडेवर पोर घेतलेली ती बाई गंगूआत्याच्या दारात कुणाचं ऐकून आली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.