बिनब्रेकची मंडळी

त्या काळी बारामती-इंदापूर रस्त्यावर माझ्याइतका जोरात सायकल हाणणारा दुसरा गडी नव्हता. विचारा कुणालाही! म्हणजे, नकाच विचारू. ज्याला विचाराल तो माझ्या आधी पोचलेला असायचा. एकदा मात्र माझा दुसरा नंबर आला होता. त्या दिवशी आम्ही दोघंच पळालो होतो.

हे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबा खिळ्याला लटकत राहतात, तसे हे लटकत राहिले. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. मी चौथी शिकलोय, तीसुद्धा दोनदा, तेव्हा शुद्धलेखन कुणी तपासू नये.

साल असेल पन्नासच्या पुढचं, साठच्या अलीकडचं. कासमचाचांच्या दुकानातून सायकली भाड्यानं घ्यायच्या आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर एका लिंबापासून दुसऱ्या लिंबापर्यंत हाणायच्या. हरलेल्यानं भजी चारायची. दुसरा नियम नव्हता.

आणि नियम नव्हता हेच आमच्या ड्रिल मास्तरांचं दुखणं होतं.

मास्तरांचा धाकटा भाऊ दौलत ह्याच रस्त्यावर सायकलीवरून पडला आणि पायानं कायमचा अधू झाला. तेव्हापासून मास्तरांनी ध्यास घेतला, की पोरं पळणारच असतील तर रस्त्यावर नको, मैदानात पळू देत. जत्रेत माळावर त्यांनी रीतसर शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी तिघं आले. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता!

मग जत्रेचे पंच आबा म्हणाले, "मास्तर, औंदा धा गडी पळालं तर मैदान तुमचं. न्हायतर पुढल्या साली तितं कुस्त्या."

म्हणजे मास्तरांना दहा गडी हवे होते. आणि आमच्या टोळीत बरोबर दहा गडी होते. पण आम्ही कशाला जातोय?

*

का जात नव्हतो, तर मास्तरांचे नियम. सायकलीला दोन ब्रेक पाहिजेत, घंटी पाहिजे, डोक्याला चामड्याची जाड टोपी पाहिजे, डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे आणि वर बापाची परवानगी.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "मास्तर, इतक्या खर्चात घोडं येतंय. आन त्याला ब्रेक लागत न्हाय!"

मास्तर म्हणाले, "चाचा, घोडं पडायच्या आधी इचार करतंय. ही पोरं पडल्यावर करत्यात."

*

रस्त्यावर आमचा ब्रेक म्हणजे पायताण. थांबायचं झालं की पाय उचलून पुढच्या चाकावर दाबायचा. खर्रर्र आवाज यायचा, धूर निघायचा आणि सायकल थांबायची. कधी कधी.

आमच्यातला सगळ्यात वेगवान गडी शिवा. त्याचं उजवं पायताण सारखं फाटायचं, डावं मात्र नवं कोरं. शेवटी गावातला चांभार वैतागला. म्हणाला, "शिवा, तुला नुसती उजवीच शिवून देत जाऊ का?"

चाचा दुकानातनं ओरडले, "ब्रेकाला पैसं न्हाईत, पायताणाला हायत!"

*

दुसऱ्या लिंबाखाली डाळजकडचा एक म्हातारा येऊन बसायचा. शर्यत असली की हजर! आम्हाला वाटलं, काय हौशी माणूस आहे. एकदा मी त्याला म्हणालो, "आजोबा, तुमीच सांगा आता, पयला कोण आला."

म्हातारा म्हणाला, "पयल्याशी मला काय करायचंय? पडला कोण, त्येवढं सांग."

हाडवैद्य होता तो!

*

साखर कारखाना तेव्हा नवा होता आणि भवानीनगरकडे उसाच्या गाड्यांची रांग लागायची. गाडीवान गाडीत झोपलेले, बैल आपापल्या अक्कलहुशारीनं चाललेले.

एके दिवशी शिवा सगळ्यांच्या पुढं, मान खाली घालून हाणतोय. समोर उसाची गाडी. पाय चाकावर दाबला तर पायताणाचा अंगठाच तुटला! शिवानं दोन्ही हातांनी मागं लोंबणारा ऊस धरला. सायकल खालून निघून बांधावर गेली आणि शिवा गाडीला लटकला. तसाच वर चढला आणि भीतीनं डोळे मिटून उसावर आडवा झाला. गाडीवानाला पत्ता नाही, आणि हाक मारायची शिवाची हिंमत नाही.

गाडी पोचली ती थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर. तिथं उसाचं वजन धरायचे, हिरव्या शेंड्यांचं, म्हणजे वाढ्याचं, वजा करायचे. काटेवाल्यानं वर बघितलं, गाडीवानाला हलवून उठवलं आणि विचारलं,

"पाव्हणं, वरचं हे उसात धरायचं का वाढ्यात?"

*

ही बातमी मास्तरांच्या कानावर गेली. ते तडक शिवाच्या घरी गेले. शिवाचा बाप गोठ्यात धार काढत होता.

मास्तर म्हणाले, "आवो, पोरगं मरता मरता वाचलं. मैदानात पळू द्या त्याला. परवानगीचा अंगठा द्या."

बाप म्हणाला, "पळू दे की. पडला तरी माजी हरकत न्हाय."

"हरकत न्हाय?"

"पोरगं घरचं हाय मास्तर. सायकल भाड्याची हाय, तिला जपा म्हंजी झालं!"

आत शिवाची आई भाकरी थापत होती. ती मात्र तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. म्हणाली, "मास्तर, ह्यास्नी काय इचारताय? घिऊन जावा त्याला मैदानात. टोपी मी करते."

शिवा गेला म्हणजे टोळी गेली. आम्ही नऊ जण त्याच्या मागोमाग नाव द्यायला.

*

शिवाच्या आईनं टोपी केली ती अशी, की डोक्यावर घागर ठेवायला जी चुंबळ असते, तशा तीन चुंबळी एकावर एक शिवल्या आणि लुगड्याच्या काठानं हनुवटीखाली बांधल्या. दिसायला शिवा पाणी भरायला निघालेला, पण डोकं शाबूत! बाकीच्यांनीही घरोघरच्या चुंबळी पळवल्या. दोन दिवस गावातल्या बाया आमच्या नावानं बोटं मोडत होत्या.

मास्तर तपासायला बसले. वेताची छडी डोक्यावर हाणायची आणि विचारायचं, "लागलं?"

"न्हाय."

"पास!"

माझी चुंबळ आईनं परत हिसकावून नेलेली. मी नुसताच पटका गुंडाळून गेलो. टण्णकन बसली!

"लागलं?"

माझ्या डोळ्यांत पाणी. पण म्हणालो, "न्हाय!"

मास्तरांनी पटका उचकटून आत बघितलं आणि म्हणाले, "पास. ह्याच्यात मोडण्यासारखं काय न्हाय."

त्यांनी गुपचूप आपल्याकडची चामड्याची टोपी माझ्या डोक्यात घातली, ते जाऊ द्या. कुणाला सांगू नका.

*

चिठ्ठ्या, अंगठे कसेबसे जमले. आता राहिले ब्रेक.

चाचांच्या दुकानात दोन्ही ब्रेक आणि घंटी असलेली सायकल एकच होती, आणि ती चाचांची स्वतःची. ती ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पण मास्तरांची गंमत करायची म्हटल्यावर त्यांनी स्वतः पुसून दिली!

जत्रेच्या आदल्या दिवशी शाळेपुढं तपासणी. चुन्याच्या रेघेवर सायकल थांबली की पास. ही अक्कल माझी: शिवा थांबला, पास झाला, शाळेला वळसा घालून मागं आला. मागं मी फडकं घेऊन उभा. हँडलला लाल चिंधी बांधली, दुसरा गडी बसवला, पाठवला. मग हिरवी चिंधी. मग झेंडूची माळ. मग सीटवर गोणपाट. सगळ्यात शेवटी मी स्वतः, पुढं कडुलिंबाचा टहाळा खोचून!

मास्तरांनी वाकून घंटी बघितली. "काय रं गणपत, दहाच्या दहा सायकलींची घंटी एकाच जागी चेपलीय?"

मी म्हणालो, "एकाच कारखान्यातनं आल्यात नव्हं, मास्तर!"

"आसं व्हय," मास्तर म्हणाले. "मग सगळ्या पास."

शाळेमागं आम्ही हसून हसून लोळलो. चाचा तर रात्री दुकान बंद करेपर्यंत आपले आपणच हसत होते.

*

जत्रेच्या दिवशी माळावर ही गर्दी! आबा खुर्चीवर. आम्ही चाचांच्या दहा सायकली घेऊन रेघेवर उभे. रेघेपासून सरळ धाव, आणि पलीकडच्या टोकाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

मास्तर आले. एकेक सायकलीला ब्रेक आहे का ते हातानं चाचपून पाहिलं आणि एकेक करून बाजूला सारली. "ही न्हाय. ही न्हाय. हीबी न्हाय." शेवटी चाचांची स्वतःची, ब्रेकवाली तेवढी रेघेवर राहिली.

मग मास्तरांनी खिशातनं घड्याळ काढलं आणि म्हणाले, "शिवा, बस. बाकीच्यांनी रांगेत उभं ऱ्हावा."

एकाच सायकलीवर दहाही जण पळाले! एक जायचा, ब्रेक दाबून काट्यांच्या अलीकडं थांबायचा, सायकल ढकलत परत आणायचा, दुसरा बसायचा. घड्याळावर शिवा पहिला आला. माझा नंबर विचारू नका. पण एकाचंही कातडं सोललं नाही. लंगडत लंगडत दौलत प्रत्येकाला पाणी देत होता, आणि मास्तर मधूनच त्याच्याकडं बघत होते.

आबा उठले. "धा गडी पळालं. मैदान मास्तरांचं!"

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. आणि माझी जीभ! आयुष्यात वेळेवर गप्प बसली असेल तर शपथ. मी पुढं होऊन ओरडलो, "पर आबा, सायकल एकच हुती! एका सायकलीवर धा गडी, ह्याला शर्यत म्हनत्यात व्हय?"

टाळ्या थांबल्या. आबा परत खुर्चीत बसले. "व्हय की! काय वो मास्तर, धा गड्यांना सायकल एकच कशी?"

सगळा माळ मास्तरांकडं बघायला लागला. दौलतच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले,

"गणपत, काल दहा सायकली माज्यासमोर पास करून नेणारा तूच नव्हं? मग ब्रेकवाल्या बाकीच्या नऊ कुठं दडवल्यास, ते आबांना सांग की!"