तिसऱ्या गिअरमधला फेटा

तमाम मुळशी तालुक्याला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की पावाच्या पिठात माणसाचा फेटा मळता येतो. हा प्रयोग नेऱ्यात, आमच्या राहत्या घरी, यशस्वी झालेला आहे. फेटा माझाच होता. (डोकं त्याच्यासोबत गेलं नाही. गेलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असं आमच्या आत्याचं मत आहे.)

झालं असं. आमच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या आयटीवाल्या पोरांना माझी बायको कुंदा घरचे पाव करून घालायची. त्यातल्या एकाने ते कंपनीत नेले आणि तिथल्या कॅन्टीनच्या साहेबांचा फोन आला. "ताई, रोज सकाळी द्याल का? फक्त आधी तुमचं किचन बघून जाईन." कुंदा आठवडाभर जमिनीवर नव्हती! पिरंगुटच्या एका बंद पडलेल्या बेकरीतला भलामोठा प्लॅनेटरी मिक्सर तिने टेम्पोत घालून आणला. त्याचा पीठ मळायचा आकडा स्वतःभोवती गरगरतो आणि तसाच भांड्याभोवतीही फिरतो. आत्याने चष्मा लावून पाहिलं.

"म्हंजी सोताभवती फिरतंय, फिरत फिरत दुसऱ्याच्या कामात लुडबुडतंय. आपल्या बाळ्यागत!"

बाळ्या म्हणजे मी. वय वर्षे बावन्न.

मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकने बजावलं, "भांड्यावरची ही जाळी खाली केल्याबिगर चालू व्हत न्हाई. पीठ पयल्याच गिअरवर. गिअर बदलायचा तर आधी मशीन बंद. आन अंगावर लोंबतं काय नको."

"मी जल्मभर ट्रॅक्टर चालवलाय," मी जांभई देत म्हणालो. "मला गिअर शिकवतुया व्हय?"

"ट्रॅक्टरात कुणी वाकून बघत न्हाई, दादा," तो म्हणाला. (माणूस द्रष्टा होता.)

साहेब यायच्या दिवशी मी जाहीर केलं, की पूजेशिवाय मशीन चालू होणार नाही. आमच्यात कोयत्याचीसुद्धा पूजा होते, मग हे तर लाखमोलाचं यंत्र! पुतण्याच्या लग्नातला गुलाबी फेटा चढवला, शेमला पार कमरेपर्यंत. मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि झेंडूचा असा घसघशीत हार घातला, की मशीन थेट निवडून आल्यासारखं दिसू लागलं. हारासाठी जाळी तेवढी वर करावी लागली.

कुंदाने भांड्यात पीठ घातलं, मी बटन दाबलं. मशीन ढिम्म!

"अवो, जाळी खाली करा," कुंदा म्हणाली.

"हार चेंगरतोय!"

"मग हार काढा!"

"शुभकार्यात हार काढत्यात व्हय?"

आता, विहिरीवरची मोटार कुरकुरली, की आम्ही तिच्या स्टार्टरमध्ये काडी खोचतो. मी खोचतो, माझे वडील खोचायचे, शेजारी तर अजून खोचतात. मी उदबत्तीची काडी घेतली आणि जाळी खाली आली की दबणाऱ्या स्विचमध्ये खोचली. मशीन घुमायला लागलं! मी विजयी मुद्रेने वळलो. कुणी टाळी वाजवली नाही.

"पयल्यावरच ऱ्हाऊ द्या," कुंदा ओरडली.

"पयला चढाला. सपाटीला तिसरा!" असं म्हणत मी दांडा ओढला. ओढल्यावर लक्षात आलं, की ह्याला क्लच नाही. आतून कर्रर्र असा आवाज आला, तिसरा पडला, आणि भांड्यातलं निम्मं पीठ आढ्याला जाऊन भिडलं! आत नक्की काय चाललंय ते बघायला मी वाकलो. शेमला खांद्यावरून पुढे घसरला. आकड्याने तो प्रेमाने उचलला.

फेटा बांधताना माणूस उभा असतो आणि कापड फिरतं. सुटताना नेमकं उलटं होतं. कापड सरळ भांड्यात चाललं होतं आणि मी गरगरत होतो! आता घरात दोन प्लॅनेटरी झाले होते.

"लाल बटन दाब, मेल्या!" आत्या.

"कुटं हाय?"

"तुझ्या हाराखाली!"

शेवटी कुंदाने धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला. मी पिठाच्या ढिगात बसलो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, येऊ का?"

साहेब! कुंदाचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. साहेबांनी आढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"डेमो हाय, सायेब," कुंदा म्हणाली. "मशीनवर काय काय करायचं न्हाई, त्ये दाखवायला ठेवलेत."

साहेबांनी दोन बोटांनी स्विचमधली काडी काढली आणि वळून वळून पाहिली. कुंदा पुढे झाली. तिने हार उतरवला, फेटा उपसला, भांडं घासून पुसलं, नवं पीठ घातलं, जाळी खाली केली आणि पहिल्या गिअरवर मशीन चालू केलं. पीठ निमूटपणे मळलं जाऊ लागलं. मग तिने पहाटे हाताने मळून भाजलेले पाव पुढे ठेवले. साहेबांनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला.

"सोमवारपासून सुरू करा, ताई," ते म्हणाले. "एकच अट. जाळी लावल्याशिवाय काम करायचं नाही."

सगळ्यात आधी, सगळ्यात गंभीरपणे, मीच मान डोलावली. इतका वेळ पिठातला झेंडू वेचत बसलेल्या आत्याला तेवढं काही सोसलं नाही.

"मशीनला कशापायी, सायेब? ह्या बाळ्याला बसवा की जाळी!"