सर भ्यायचे

"तू उतर खाली."

ट्रॉलीत आम्ही बारा पोरी होतो. जाफराबादला तालुक्याची खो-खो जिंकून आल्तो. वेशीपाशी ट्रॅक्टर सजवून ठेवला होता. हलगी, गुलाल, सगळं. शेवटच्या डावात तीन गडी मीच बाद केले होते, म्हणून पोरींनी ढाल माझ्या हातात दिल्ती. शाळा समितीचे अध्यक्ष, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, फळीला हात लावून उभे होते. माझ्याकडं न बघताच बोलले. "मिरवणूक देवळापुढून जाती. तू उतर. मागून चालत ये."

मी आठवीत. बौद्धवाड्यातली. ढाल कोणीतरी काढून घेतली. मी उतरले. हलगी वाजतच होती.

मी सरांकडं पाह्यलं. आमचे खेळाचे सर. परतूरकडचे, आमच्यातलेच, गावात खोली करून एकटे राहायचे. पोरींना खेळू द्या म्हणून त्यांनी घरोघर आयांची समजूत काढली होती. मैदानातले काटे स्वतः उपटले होते. कोणाला दाखला काढायचा, कोणाला फॉर्म भरायचा, सगळा गाव त्यांच्या दारात. ते सर त्या दिवशी खाली बघत होते. बोलले न्हाईत.

मी मागून चालत गेले. गुलाल डोळ्यात गेला ते बरं झालं. रडते ते कोणाला कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर घरी आले. दारातच उभे राह्यले. आईला म्हणाले, "बाई, काल मी भ्यालो. पोरगी उतरली अन् मी बघत राह्यलो."

आई म्हणाली, "भ्यावंच लागतं सर. आपल्याला इथंच राहायचंय."

"बराबर आहे," सर म्हणाले. चहा हातात घेतला. तसाच ठेवून गेले.

आठ दिवसांनी जिल्ह्याच्या सामन्यांची यादी गेली. कॅप्टन अण्णांची पुतणी होणार, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. सरांनी माझं नाव लिहिलं.

सकाळचा सराव चालू होता. अण्णा चौघांना घेऊन मैदानात आले. सरांनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती वाजली न्हाई. ओठ कोरडे पडले होते.

"यादी बदला सर."

"यादी गेली अण्णा."

"मंग दुसरी पाठवा."

"न्हाई जमणार."

मी जवळच उभी होते. पॅन्टच्या आत सरांचे गुडघे थरथरत होते. मला दिसलं.

"मंग गावात राहणं अवघड जाईल तुम्हाला. बिलकुल अवघड." एवढं बोलून अण्णा माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ. "पोरी, तूच सांग. म्हण, मला कॅप्टन व्हायचं न्हाई. भांडणच मिटलं."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. आई त्यांच्याच वावरात खुरपायला जायची. आमची शाळेची वाट त्यांच्याच बांधावरून. इथंच कपडे ओले होतील असं वाटलं. सरांनी 'बोल' म्हणलं न्हाई, 'नको बोलू' असंबी म्हणलं न्हाई. नुसते माझ्या बाजूला येऊन उभे राह्यले.

"मला पाहिजे," मी म्हणले.

आवाज एवढा बारीक, की अण्णांनी विचारलं, "काय?"

परत म्हणावं लागलं. "मला पाहिजे." दुसऱ्यांदा म्हणताना जास्त भीती वाटली. आता ऐकू आलं न्हाई असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

जालन्याला निघायच्या दिवशी एसटीपाशी पाचच पोरी आल्या. बाकीच्यांना घरच्यांनी सोडलं न्हाई. सर म्हणाले, "चला." तिथं पंच म्हणाले, मैदानात नऊ जणी पाहिजेत. तरी सरांनी चौघींना चौकोनात बसवलं, मला खांबापाशी उभं केलं. समोरच्या पोरी हसल्या. त्या जिंकल्या असं जाहीर होईस्तोवर आम्ही हाललो न्हाई.

महिन्याभरात आईला कामाचं बोलावणं बंद झालं. सरांना खोली सोडायला लावली. पुढं बदली, परतूरच्या बाजूला. तिथंबी ते सकाळी पोरींचा सराव घ्यायचे, असं ऐकलं. मी मास्तरकी शिकले, टेंभुर्णीजवळच्या एका शाळेत लागले, तेव्हा त्यांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मैदान आहे का?"

ह्या हिवाळ्यात सर गेले. गावच्या शाळेत शोकसभा ठेवली. मलाबी बोलवलं. हेडमास्तरांनी दारातच सांगितलं, "मॅडम, चांगलं चांगलं बोला. जुनं काही काढू नका."

अण्णा म्हातारे झालेत. खुर्ची मात्र मधलीच. माइकवर म्हणाले, "सर म्हणजे वाघ. कोणाला भ्याले न्हाईत. गावानं त्यांना लेकरासारखं सांभाळलं." लोकांनी माना हलवल्या.

मंग माझं नाव पुकारलं. लिहून आणलेला कागद खाली ठेवला.

"सर वाघ नव्हते," मी म्हणले. "सर भ्यायचे. त्यांचे गुडघे थरथरताना मी पाह्यलेत. ज्यांच्यामुळं थरथरले, ते इथं बसलेत. तरी त्यांनी यादी बदलली न्हाई."

ट्रॉलीचं सांगितलं. यादीचं सांगितलं. खोलीचं सांगाय लागले तर माइक बंद झाला. तशीच बोलले. अण्णांची पुतणी समोर बसली होती, आता दोन लेकरांची आई. तिनं मान खाली घातली. पण उठून गेली न्हाई.

त्याला आठ दिवस झाले. माझ्या भावाला रस्त्यात दोनदा अडवलं. आई म्हणती, "बाई, आता तरी गप बस." माझ्या शाळेत तक्रार पोचली. संस्थेच्या सचिवांनी काल टाइप केलेला कागद पुढं सरकवला. त्यावर होतं, सभेत मी गैरसमजातून बोलले, मी गावाची माफी मागते. "सही करा, विषय संपला," म्हणाले. नोकरीचं काय होईल, ते बोलले न्हाईत. बोलायची गरजबी नव्हती.

तो कागद माझ्यापुढं आहे. दाराला कडी लावलीय. बाहेर मोटारसायकल थांबली की लिहिताना हात थांबतो. भीती गेलेली न्हाई, अन् जाईल असं वाटतबी न्हाई. ती जायची वाट बघत बसले, तर मरेपर्यंत बसून राहीन.

उद्या शाळा भरायच्या आत तो कागद सचिवांच्या टेबलावर परत ठेवणार. बिनसहीचा. त्याच्यासोबत दुसरा कागद. सभेत बोलले ते सगळं त्याच्यावर आहे, माइक बंद केल्यावर बोलले तेबी, गावाच्या अन् माणसांच्या नावासकट.

त्याच्याखाली मी सही केली आहे.