पासवर्ड न्हाई

"हे चालणार न्हाई." हिंगोलीतल्या आमच्या बियाणे कंपनीच्या सर्व्हरवर मी लिनक्स टाकलं, तेव्हा जो तो हेच म्हणायचा. फुकटची सिस्टीम म्हणून मॅनेजरसाहेब तर नाकच मुरडायचे. मी तांड्यावरची, डोक्यानं तापट. चिडून पासवर्डच ठेवला: न्हाई.

दोन वर्षं मशीन बिनबोभाट चाललं. मग ऐन पेरणीच्या तोंडावर मी कामासाठी नांदेडला गेले. परत येताना बस वारंगा फाट्यावर थांबली, तेव्हा तिथल्या एसटीडी बूथवरून ऑफिसला सहज फोन लावला. उचलला स्टोअरकीपर मामांनी. वीज जाऊन आली होती आणि सर्व्हर सुरू होता होता मध्येच थांबून डिस्कच्या दुरुस्तीसाठी पासवर्ड मागत होता. बाहेर ट्रक भरून उभे. सर्व्हरवरून लॉट नंबरची चिठ्ठी निघाल्याशिवाय एकही हलणार नव्हता.

"साहेब जुन्या सिस्टीमची सीडी घेऊन उभे हायेत, पोरी. लवकर सांग."

सीडी घातली की डिस्क पुसली जाणार, आणि त्या आठवड्याच्या नोंदींची दुसरी प्रत मी काढलेलीच नव्हती. चूक माझीच.

"पासवर्ड न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई? मग नुसतं एंटर दाबू?"

"तसं न्हाई, मामा! न्हाई हाच शब्द टाका. इंग्रजी अक्षरांत."

टकटक ऐकू आली. "चूक म्हणून राहिलं. अन् टाकलेलं दिसून बी न्हाई राहिलं."

"ते दिसत नसतं. काय टाकलं?"

"एन, ए, एच, आय."

नाही! जन्मभर न्हाई बोलणारा माणूस ऑफिसात लिहायची वेळ आली तशी शुद्ध लिहीत होता. एरवी हसले असते. तेव्हा बूथच्या काचेवर मूठ आपटली.

"घरी बोलता तसं लिव्हा, मामा. एन, एच, ए, आय."

तेवढ्यात पलीकडून साहेबांचा आवाज आला. "उठा तिथून. सीडी घालतो."

"न्हाई," मामा म्हणाले.

मला वाटलं, पासवर्ड घोकताहेत.

"न्हाई, साहेब. मिनिटभर थांबा."

साहेब आले की हातातला चहा खाली ठेवून उभे राहणारे मामा. मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. मग चार वेळा टकटक, आणि एंटर.

"पोरी, उघडलं."

डिस्क दुरुस्तीची कमांड मी अक्षर-अक्षर सांगितली आणि मशीन उठलं. मागे माझी बस निघून गेली, तरी मी रिसीव्हर धरून रडत उभी होते.